अक्काला आणायला घेतलेली गाडी

आबा, मी गाडी घेतली आहे. हे तुम्हाला सांगायला दीड वर्ष लागलं, कारण पहिले सहा महिने मिरवण्यात गेले आणि पुढचं वर्ष ती ढकलण्यात. पंधरा वर्षं वापरलेली आहे, काळी आहे, जर्मन आहे, आणि आत्ता जळगावच्या एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये चारही दारं उघडी टाकून उभी आहे. मी तिच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो आहे. मिस्तरी जेवायला घरी गेलाय, बाहेर पंचेचाळीसचं ऊन आहे, आणि माझ्या पिशवीत वार्षिक परीक्षेतून उरलेल्या कोऱ्या पुरवण्या आहेत, त्यांवर हे लिहितो आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहायला बसलो तो भांडायला. तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर मी आज इथे बसलो नसतो. एकच वाक्य, चार शब्दांचं. पण तुम्ही कधी नीट बोललात का? तुमचं आयुष्य कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रांशी बोलण्यात गेलं आणि घरी आल्यावर तुमच्याकडे शब्द उरत नसत.

गाडी पाहून तुम्ही काय केलं असतंत ते मला इथे बसल्याबसल्या दिसतंय. तुम्ही तिच्याभोवती एक फेरी मारता, भुवयांना कापसाची रूं चिकटलेली, हात मागे बांधलेले. मग बॉनेटवर अंगठा टेकवून विचारता, "यानं पोट कथाईन उघडस?" पोट उघडतं, आबा, पण उघडून उपयोग नाही. आत एक मोठं काळं प्लास्टिकचं झाकण आहे, त्याखाली दुसरं झाकण, आणि त्याखाली काय आहे ते फक्त मिस्तरीचं यंत्र सांगतं. मला मास्तरची नोकरी लागली तेव्हा सगळ्यांनी पेन दिले आणि तुम्ही पान्यांचा संच दिलात, तुमच्या हाताने शिवलेल्या खाकी गुंडाळीत. गणिताच्या मास्तराला पाने. तेव्हाही मी चिडलो होतो. परवा हौसेने ती गुंडाळी काढून गाडीपाशी नेली तर तुमचा एकही पाना एकाही नटाला बसला नाही. यांचे नट चांदणीच्या आकाराचे असतात. आपल्याला ज्या गाडीचं पोट उघडता येत नाही ती गाडी आपली नाही, असं तुम्ही शेजारच्यांना सांगायचात, ते मी ऐकलेलं होतं. ऐकूनही घेतली.

घेतली नाशिकच्या एका डॉक्टरांकडून. मोबाईलवर फोटो पाहिला, शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना सोबत घेऊन गेलो. आम्हा दोघांना गाडीतलं सारखंच कळत होतं, म्हणजे काही नाही. मी गाडी चालवायला शिकलो तो वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ड्रायव्हिंग क्लासच्या त्या डब्याएवढ्या गाडीत, आजूबाजूला माझेच माजी विद्यार्थी हसत असताना. डॉक्टरांनी दार लावून दाखवलं. असा मऊ, जड आवाज आला की आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आत कातडी सीटा, लाकडाची पट्टी, छताला उघडणारी काच. मग त्यांनी सगळ्या दुरुस्त्यांच्या कागदांची एक फाईल माझ्या हातात ठेवली, दोन्ही हातांनी धरावी लागेल अशी. मी मनात म्हटलं, बघा, किती जपलंय माणसाने. फाईल जाड असणं हे आजाराचं लक्षण असतं, हे मला नंतर कळलं. किल्ली देताना डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी दुःख समजलो. ती सुटका होती.

घरी ही म्हणाली, "एवढ्यात कोरी लहान गाडी आली असती." बरोबरच म्हणाली. पण लहान गाडीने माझं काम होणार नव्हतं. ते काम काय होतं ते तिलाही मी धड सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो. मला अक्काला आणायला जायचं होतं.

तुमच्या माघारी बारा वर्षं मी अक्काला दर अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आणायला जात होतो, एसटीने. भडगावला उतरायचं, तिथून तिच्या गावाला रिक्षा, आणि संध्याकाळच्या आत तिला घेऊन जळगाव. ती खिडकीपाशी बसायची, मी पिशव्या मांडीवर घेऊन शेजारी. मग धुळ्याच्या घराचा विषय निघाला. गल्ली नंबर सहातलं आपलं घर विकायचं तर कागदावर तिचंही नाव होतं, आणि वकिलाने सांगितलं, बहिणीचं हक्कसोडपत्र करून घ्या. मी अक्काला धुळ्याला कचेरीत घेऊन गेलो. तिने चष्मा लावला, जिथे बोट ठेवलं तिथे सही केली, अंगठ्याचा ठसा दिला, अंगठा रुमालाला पुसला. मी तिला साडी घेतली, बसस्टँडवर उसाचा रस पाजला आणि भडगावच्या गाडीत बसवून दिलं. त्यानंतरच्या अखाजीला मी गेलो नाही. म्हटलं, पेपर तपासायचेत. दुसऱ्या वर्षी घराला रंग काढला होता. तिसऱ्या वर्षी कारण शोधावं लागलं नाही, कारण तोवर कोणी विचारेनासं झालं होतं. अशी नऊ वर्षं गेली, आबा. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. तिची सही झाली आणि माझं जाणं थांबलं, हे कोणालाही बोटं न मोजता कळलं असतं.

आणि आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच. कोणी न्यायला आल्याशिवाय सासरची लेक माहेरी येत नाही. फोन करून ये म्हटलेलं चालत नाही, मुऱ्हाळी यावा लागतो, भाऊ नाही तर भाच्याने तरी यावं लागतं. तो आला नाही तर ती बाई बासष्ट वर्षांची झाली तरी अखाजीच्या आदल्या दिवशी पिशवी भरून ओसरीवर बसते आणि संध्याकाळी पिशवी रिकामी करते. अक्का काय करत होती ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. पण तिच्या जावेचा भाऊ दर वर्षी मोठी पांढरी गाडी घेऊन येतो आणि गल्ली दोन तास अडवून ठेवतो, हे मला दाजींनीच एका लग्नात सांगितलं होतं, अगदी सहज, पान खाता खाता. ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. नऊ वर्षांची गैरहजेरी भरून काढायची तर लहान गाडी पुरणार नाही. अक्का दारातून निघेल ती अशा गाडीतून की सगळी गल्ली बाहेर येऊन बघेल.

यात तुमचाही हात आहे, आबा, ते आता बोलतोच. अक्काच्या लग्नानंतरची पहिली अखाजी. मी चौदा वर्षांचा, पहिल्यांदा मुऱ्हाळी म्हणून निघालेलो, डोक्याला तेल, नवी चप्पल. आणि तुम्ही दाराशी उभा केलात तो जिनिंगचा उघडा टेम्पो. मागच्या फळ्यांना कापूस चिकटलेला, कोपऱ्यात सरकी सांडलेली. त्याचा नंबर मला आजही पाठ आहे. अक्काच्या दारी आपण पोचलो तेव्हा तिच्या मोठ्या जावेला न्यायला अँबेसिडर आली होती, पांढरी, भाड्याची, आरशाला हार घातलेली. तिचे सासरे ओसरीवर बसले होते. टेम्पो पाहिला आणि म्हणाले, "व्याही, सरकी भराले उनात का पोरगी लेवाले?" सगळी ओसरी हसली. तुम्हीही हसलात. तेच मला सहन झालं नाही. अक्का नवी साडी आवरत मागे चढली, गोणपाटावर बसली आणि धुळ्यापर्यंत वारा खात आली. पारोळ्याच्या पुढे मी पुढच्या सीटवरून मागे पाहिलं तर तिच्या केसांत रूं अडकलेली होती. मला रडू येत होतं.

घरी आई खापरावर पोळी टाकत होती. ती दोन हातांवर झेलून मोठी केलेली पुरणाची पोळी खापरावर पडली की जो आवाज येतो, तो येत होता. मी तिथेच, सगळ्यांसमोर, तुम्हाला कवडीचुंबक म्हणालो. म्हणालो, एका दिवसाचं गाडीभाडं जड झालं, पोरीची शोभा केली. आईचा हात थांबला. मला वाटलं तुम्ही मारणार. तुम्ही रसाची वाटी खाली ठेवलीत, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "तुले समजाव नही. जेवाले बस." संपलं. पुढच्या वर्षी पुन्हा टेम्पो, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. मी मोठा झालो, नोकरीला लागलो, तुमच्याशी बोलू लागलो, पण ही गोष्ट मी सोडली नाही. मनात तुम्ही चिक्कू होतात आणि मी तसा होणार नव्हतो.

म्हणून ही गाडी. आता तिचं ऐका. हिच्या चाकांवर स्प्रिंगा नाहीत, हवेच्या पिशव्या आहेत. त्या जुन्या झाल्या की हवा सोडतात. सकाळी दार उघडून पाहावं तर गाडी मागच्या बाजूने जमिनीला टेकून बसलेली असते, डबक्यातल्या म्हशीसारखी. चालू केली की पंप घरघरतो आणि ती हळूहळू उठते. तोवर मी आणि समोरचे निवृत्त पोस्टमास्तर एकमेकांकडे पाहत उभे. शाळेत पोरांनी माझं नाव बदललं. छताच्या काचेतून पावसात पाणी आलं, नेमकं मुख्याध्यापक बसलेले असताना. कोऱ्या पार्टच्या किमती ऐकून मी फोन ठेवून द्यायचो. मग मिस्तरी मुंबईच्या भंगार बाजारातून जुना पार्ट मागवायचा, तो यायला पंधरा दिवस, आला की तो दुसऱ्याच मॉडेलचा. किल्लीतली बॅटरी गेली आणि गाडीने मला ओळखायचंच नाकारलं. उन्हाळ्यात इंजिनाचं पाणी कुठे जातं ते आजपर्यंत सापडलेलं नाही. खाली सांडत नाही, वर उडत नाही, नुसतं कमी होतं. डिकीत मी पाण्याचे दोन कॅन ठेवतो. विज्ञानाचे सर म्हणतात, बाष्पीभवन. त्यांना मी आता गाडीत बसवत नाही.

मिस्तरी भला माणूस आहे. त्याने यंत्र लावलं की पडद्यावर दोषांची यादी येते, आणि ती खाली सरकवताना त्याचा अंगठा दमतो. पहिल्यांदा मी विचारलं, किती बिघडलीय? तो म्हणाला, "सर, हाई गाडी बिघडेल नही शे, थकेल शे. बिघडेल व्हती तं मी नीट करी देतू." असं कोणी गाडीबद्दल बोलतं का? पण दीड वर्षात त्याने माझी किती वेळा समजूत काढली असेल. त्यानेच मला सांगितलं की सर, विकून टाका, आणि मी सांगितलं की अखाजी होऊ दे.

गेल्या वर्षीची अखाजी फुकट गेली. मी अक्काला फोन केला होता, नऊ वर्षांनी, मी येतोय म्हणून. ती म्हणाली, "ये." मी आदल्या दिवशी सकाळी निघालो, कपाळाला टिळा, गाडीला हार. पाळधी गेलं आणि एरंडोलच्या अलीकडे काटा लाल झाला. दोन्ही कॅन ओतले तरी उतरेना. मग वाफ, मग पडद्यावर जर्मनमधून काहीतरी, मग काहीच नाही. केळीचे ट्रक भोंगे वाजवत बाजूने जात होते आणि मी हार घातलेल्या गाडीशेजारी बाभळीच्या सावलीत उभा. तिथून एसटी मिळाली असती, आबा. समोरून गेली. हात केला असता तर तासाभरात मी अक्काच्या दारात असतो. पण नऊ वर्षांनी जायचं आणि एसटीतून घामेजून उतरायचं, हे माझ्याने होईना. मी फोन करून सांगितलं, अचानक शाळेत तपासणी लागली. ती म्हणाली, "बरं भाऊ. काम पहिले." आवाजात काही नव्हतं. मागे कोणीतरी विचारत होतं, कधी येतोय म्हणे? मी फोन ठेवला. गाडी दोराने बांधून जळगावला आणली.

मग वर्षभर मी तिच्यावर पदरमोड केली ती या एका फेरीसाठी. रेडिएटर बदलला, पाण्याचा पंप बदलला, हवेच्या दोन पिशव्या बदलल्या. अखाजीच्या आठवडाभर आधी चारही काचांची बटणं बंद पडली. काचा आपोआप खाली घसरायच्या. मिस्तरीने दारं उघडून आत लाकडाच्या खुंट्या ठोकल्या आणि काचा वरच अडकवून टाकल्या. म्हणाला, मोटर यायला वेळ आहे, तोवर एसी लावा, एसी झकास आहे. खरंच झकास होता. मला वाटलं, उलट बरंच झालं, अक्काला धूळ लागणार नाही.

आणि या वर्षी गाडी पोचली. एरंडोल गेलं, कासोदा गेलं, काटा हलला नाही. अक्काच्या गल्लीतल्या गटारीच्या पाइपावर पोट घासलं तेवढंच. गल्ली बाहेर आली. जावेचा भाऊ बाहेर आला आणि गाडीच्या बोधचिन्हावर हात फिरवून गेला. दाजींनी दार तीन वेळा उघडून लावून पाहिलं. यासाठी दीड वर्ष माझ्या नाकी नऊ आले होते आणि ते सगळं मला मिळालं, अगदी मनासारखं. अक्का बाहेर आली. केस सगळे पांढरे. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर बोलेल. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मग गाडीभोवती पाहिलं आणि विचारलं, "काचा खाले व्हतस का?" मी म्हणालो, "एसी शे ना अक्का, काचा कसाले?" ती आत बसली. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. मी गल्लीकडे पाहत होतो, तिच्याकडे पाहायला मला वेळ नव्हता.

कासोद्याच्या पुढे तिने माझ्या खांद्याला हात लावला. "भाऊ, गाडी थांबाड." मी म्हणालो, थोडं पुढे सावली आहे. सावलीपर्यंत ती पोचली नाही. कातडी सीट, लाकडाची पट्टी, मधला खण, सगळं उलटीने भरलं. मी तिला धरून लिंबाखाली आणलं, कॅनमधलं पाणी तिच्या तोंडावर मारलं. ती झाडाला टेकून डोळे मिटून बसली, आणि पहिलं काय म्हणाली तर, "गाडी खराब व्हई गयी तुनी." मी म्हणालो, मरू दे गाडी, तुला काय होतंय, दवाखान्यात जाऊ. तेव्हा ती हसली. "माले बंद गाडी लागस. पहिलेपाईन. काचा उघड्या असल्या तं काही नही." मी विचारलं, मग सांगायचं नाही का? तर म्हणाली, तू दहा वर्षांनी आलास, तुला काय सांगू? आणि मग अगदी सहज, पदराने मान पुसत म्हणाली, "आबाले माहीत व्हतं. म्हनीसन तो टेम्पो. जिनिंगना शेठ त्यास्ले मोटर देत व्हता, डायवर संगे. आबानी नको सांगं."

आबा, मी तिथे उन्हात उभा होतो. तुमचा शेठ तुम्हाला गाडी देत होता. फुकट. तुम्ही ती नाकारून टेम्पो मागितलात, व्याह्याचं बोलणं खाल्लंत, दर वर्षी खाल्लंत, आणि पोराने सगळ्यांसमोर कवडीचुंबक म्हटलं तेही खाल्लंत. तिला गाडी लागते, रे. चार शब्द. ते तुम्ही मला स्वयंपाकघरात सांगितले असतेत तर काय बिघडलं असतं? मी तुमच्यावर चाळीस वर्षं राग धरून राहिलो नसतो. ही म्हैस दारात बांधली नसती. गेल्या वर्षी समोरून गेलेल्या एसटीला हात केला असता. आठवडाभर मी याच रागात आहे आणि तो कोणावर काढावा कळत नाही म्हणून पुरवण्या घेऊन बसलो.

पुढचं ऐका. अक्का परत गाडीत बसायला तयार होईना. तेवढ्यात एक पिकअप आली, रिकामे कॅरेट घेऊन जळगावच्या मार्केटला चाललेली. अक्कानेच हात केला. ड्रायव्हर म्हणाला, पुढे बसा ना अक्का, तर ती म्हणाली, "नही रे भाऊ, मी मांगेच बरी." आणि बासष्ट वर्षांची बाई फळीला पाय लावून मागे चढली, कॅरेट उलटं करून त्यावर बसली, तोंड माझ्याकडे. पुढे पिकअप आणि मागे मी, बंद काचांच्या, वास मारणाऱ्या, थंडगार गाडीत एकटा. एरंडोल, पाळधी, जळगाव. तिचा पदर उडत होता. मध्येच ती मला हाताने खूण करायची, हळू चालव. त्या दिवशी मात्र या गाडीला काही म्हणता काही झालं नाही. काटा जागचा हलला नाही. आकाशवाणी चौकात माझे तीन विद्यार्थी उभे होते, त्यांनी आधी पिकअपकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नमस्कार सर म्हणाले.

अक्का चार दिवस राहिली. अखाजीला तुमच्या आणि आईच्या नावाने पितरांची घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, तेही तिनेच पाहून निवडलं. झोका बांधला होता, त्यावर बसली. हिच्याशी रात्री जेवणं झाल्यावर इतकी बोलली की मला हेवा वाटला. सहीचा विषय तिने काढला नाही. मी काढणार होतो. शेवटच्या दिवशी ती गहू निवडत बसली होती, तिच्यासमोर बसून मी म्हणालो, अक्का, ते धुळ्याचं. तिने मान वर केली नाही. म्हणाली, घर गेलं त्याचं काही नाही रे, तू यायचा थांबलास त्याचं वाईट वाटलं. दर वर्षी पिशवी भरायचे. एवढंच. मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि ती गहू निवडत राहिली. मग जरा वेळाने, काहीतरी बोलायला हवं म्हणून, मी तुमची तक्रार केली. म्हणालो, आबांनी मला तेव्हाच का नाही सांगितलं?

तिने सूप खाली ठेवलं. तिला खरंच नवल वाटलेलं दिसलं. मग तिने सांगितलं. लग्नाच्या दिवशी धुळ्याहून नवरीची गाडी निघाली तेव्हा पाठराखा म्हणून मी तिच्याबरोबर होतो. पारोळ्याला चहासाठी सगळे उतरले. तिला ढवळून आलं, तिने मला हाताला धरून धर्मशाळेच्या भिंतीमागे नेलं आणि तिथे तिला उलटी झाली. मी तिचा शालू वर धरून उभा होतो. नवरीला सासरच्या वाटेवर उलटी झाली म्हटल्यावर लोक काय काय बोलतील, याची तिला भीती वाटली. तिने माझ्या गळ्याला हात लावून शपथ घातली, कोणाला सांगू नको, कोणाला म्हणजे कोणालाच. नंतर मी धुळ्याला परत आलो आणि ते फक्त तुम्हाला सांगितलं. तुम्ही मलाही सांगितलंत, पुन्हा हे तोंडातून काढायचं नाही, आणि स्वतःही कधी काढलं नाहीत. हे सगळं अक्काला तुम्हीच पुढे सांगितलंत म्हणे, पहिल्या अखाजीला, टेम्पोत चढवताना. "आबाले आनखी कोन सांगनार? तूच ना रे. दुसरं कोन व्हतं तठे? इसरी गया का?"

मिस्तरी आला. सीटा वाळल्यात, वास अजून आहे म्हणतो. काचांच्या मोटरी परवा येतील. गाडी ठेवायची की काढायची ते नंतर ठरवू, आत्ता त्याला एवढंच सांगितलं की काचा खाली व्हायला हव्यात. या पुरवण्या घडी करून पिशवीत टाकतो, त्या कुठे पाठवायच्या नाहीतच.

तुमच्यावरचा राग मी वर लिहिलाय तो खोडत नाही, कारण तो चाळीस वर्षं खरा होता. पण एक राहिलं. इसरी गया का म्हणून अक्काने विचारलं तेव्हा मी तिला म्हणालो, नाही गं, आठवतंय ना. आबा, मला टेम्पोचा नंबर आठवतो, ओसरीवर कोण कोण हसलं ते आठवतं, त्या अँबेसिडरच्या हाराची फुलंसुद्धा आठवतात. ती भिंत मला आठवत नाही. तिचा शालू धरलेला आठवत नाही. तुमच्यापाशी येऊन मी काय बोललो, त्यातला एक शब्द आठवत नाही. आठवडा झाला, रोज प्रयत्न करतो. अक्काला मात्र मी आठवतंय म्हणून सांगितलं आहे.